पंप कोणत्या वस्तीत बसवायचा? जामखेडच्या कामाचा प्रकरण अभ्यास

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) मदतनिधीचा हिशेब गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. वहीत एक नाव दर पावसाळ्याआधी येतं. एकदा मुलाच्या औषधासाठी, एकदा पत्र्यासाठी, एकदा शाळेच्या फीसाठी, दोनदा नुसतं ‘घरखर्च’. विधवा बाई, दोन मुलं, म्हातारी सासू. गरज दर वेळी खरी होती आणि पैसे कुठे उडवले गेले नाहीत, हेही मला ठाऊक आहे. तरी सहा वर्षांत ते घर होतं तिथंच आहे. पहिल्या वर्षी ती बाई दारात उभी राहून माझ्याशी सरळ बोलली होती. आता मान खाली घालून येते. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

पंचांच्या बैठकीत यावरून दोन तट पडले. एकाने मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन काढलं, जो कोणी तुझ्याजवळ मागतो त्याला दे. दुसऱ्याने पौलाचं, ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. दोन्ही वचनं पवित्र शास्त्रातलीच, आणि दोघंही मनापासून बोलत होते. मला मात्र त्या बैठकीत आपल्याच नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेडला, आरोळे या डॉक्टर दांपत्याने उभं केलेलं गावोगावच्या आरोग्याचं काम आठवत राहिलं. पाळकसाहेबांनी म्हटलं, मग पुढच्या बैठकीत तेच लिहून आणा. म्हणून हे टिपण.

वडाळ्याचा दवाखाना

डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे. डॉ. मेबल आणि ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९६० साली लग्न झालं तेव्हाच दोघांनी खेड्यातल्या गरिबांमध्ये आयुष्य घालवायचं, असा निश्चय केला होता. १९६२ ते १९६६ ही वर्षं त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काढली.

दवाखाना चांगला चालत होता. रांगा लागत, शस्त्रक्रिया होत, माणसं बरी होऊन जात. पण गेलेली माणसं परत येत. जुलाबाने सुकलेलं मूल सलाइन लावून तरतरीत करायचं, आईच्या हातात द्यायचं, आणि काही आठवड्यांनी तेच मूल तशाच अवस्थेत पुन्हा खाटेवर. तेच पाणी, तीच उपासमार, तेच घर. बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे होते, आणि दवाखान्यापर्यंत पोचणारी माणसं ही आजारी माणसांतली थोडीच होती. जे सगळ्यात गरीब, ते येतच नव्हते.

वाचताना मला इथे थांबावं लागलं, कारण माझ्या वहीतही हेच आहे. फरक इतकाच की आरोळ्यांनी ती पुन्हा येणारी माणसं हे आपल्या कामाचं अपयश मानलं. आम्ही त्यांना ‘नेहमीची गरजू कुटुंबं’ असं नाव देऊन वेगळं पान काढलं.

पुढे दोघं अमेरिकेला गेले, तिथं वैद्यकीय प्रशिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. १९७० साली परत येऊन त्यांनी काम सुरू केलं ते जामखेडला. जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक, बीड आणि उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) हद्दीला लागलेला अवर्षणाचा पट्टा. ज्वारी, बाजरी, दगड, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्या. सुरुवातीची योजना तीसेक गावं आणि चाळीस हजार लोकसंख्येची होती. पहिला दवाखाना गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत उभा राहिला.

लोकांनी जे मागितलं

शिकून आलेले दोन डॉक्टर गावात येतात. त्यांना काय द्यायचं आहे ते ठरलेलं आहे: लसी, गरोदर बायकांची तपासणी, कुटुंबनियोजन. पण गावकऱ्यांशी बोलणं सुरू झालं तेव्हा आरोग्याचं नाव यादीत फार खाली होतं. लोकांना हवं होतं पाणी आणि अन्न.

तरुण पोरांना एकत्र आणायचा पहिला मार्ग डॉक्टरांनी शोधला तो व्हॉलीबॉलचा. खेळ झाला की मंडळी तिथंच बसायची आणि बोलायची. त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. जातीजातीची माणसं एका जागी बसून गावच्या अडचणीवर बोलतात, ही त्या भागात आधी सहज होणारी गोष्ट नव्हती. बायकांची मंडळं नंतर आली, आणि पुढे त्यांचंच काम जास्त टिकलं.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडत होता. येशूने त्याला जवळ बोलावून विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार हे त्या गर्दीतल्या लहान पोरालाही कळत होतं, तरी विचारलं. बेथेसदा तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसालाही तो विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? रविवारच्या शाळेपासून या गोष्टी मी ऐकत आले, आणि त्या फक्त चमत्काराच्या गोष्टी म्हणूनच ऐकल्या. प्रश्नाकडे लक्षच गेलं नाही. जो रोज रस्त्याकडेला बसून मागतो त्याला लोक नाणी देतात, पण त्याला काय हवं ते कोणी विचारत नाही. येशू त्या माणसाला आधी त्याचा आवाज परत देतो, मग डोळे.

गरिबी म्हणजे वस्तूंची कमतरता असं धरलं, तर वस्तू दिल्या की काम संपतं. पवित्र शास्त्र तसं धरत नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि गरिबीत ते रूपच झाकोळतं: देवाशी, शेजाऱ्याशी, जमिनीशी आणि स्वतःशी असलेलं नातं मोडतं. ज्याच्याकडे जास्त आहे त्याचंही मोडतं, फक्त दुसऱ्या बाजूने. त्याला वाटू लागतं की आपण देणारे, म्हणजे आपल्याला कळतं. म्हणून ‘काय हवं’ हे विचारणं नुसता शिष्टाचार म्हणून सोडून देता येत नाही. मदतीचा पहिला भाग तोच आहे, आणि आमच्या समितीने तो कधी केलेला नाही.

बहात्तरचं साल

मग दुष्काळ आला. १९७२च्या दुष्काळाबद्दल महाराष्ट्रात कोणाला काही सांगायला नको. मिलो, सुकडी, खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव हे शब्द अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. ५० लाख माणसं भर उन्हात दगड फोडायला रांगेत उभी होती, म्हणून ‘काम करायची इच्छा नाही त्याने खाऊ नये’ हे वचन गरिबाच्या तोंडावर फेकताना आमच्या पंचांनी हे साल आठवावं. पौलाच्या वाक्यात इच्छेचा प्रश्न आहे. थेस्सलनीका शहरात काही जण प्रभू आता येणारच म्हणून कामं सोडून दुसऱ्यांच्या ताटावर बसले होते, त्यांना त्याने दटावलं. ज्याला कामच मिळत नाही त्याच्याबद्दल तो तिथं बोलतच नाही.

दुष्काळात लहान मुलं आधी जातात. जामखेडच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू झाली. बाहेरून मदतीचं धान्य येत होतं. ते वाटून टाकणं सगळ्यात सोपं होतं आणि त्या घडीला चुकीचंही नव्हतं. भुकेल्या मुलाला तत्त्वज्ञान खाऊ घालता येत नाही. याकोब आपल्या पत्रात हेच म्हणतो की उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून काही न देता पाठवलं तर उपयोग काय? आग लागली की आधी पाणी ओतायचं.

पण स्वयंपाकघर गावाने चालवायचं होतं. सरपण गावाने आणायचं, रांधायचं गावाने, वाढायचंही गावाने. आणि अन्नाच्या बदल्यात श्रम ही सोय वापरून विहिरी खोल केल्या, तेव्हा ज्यांच्या विहिरीला पाणी लागलं त्या शेतकऱ्यांनी मुलांच्या स्वयंपाकघरासाठी जमिनीचा वाटा पिकवावा, असं ठरलं. बाहेरून आलेल्या पोत्यांवर सुरू झालेली चूल हळूहळू गावच्या शेतावर येऊ लागली.

हा तपशील वाचला तेव्हा मला लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आठवला. शेताची कापणी करशील तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत कापू नकोस, खाली पडलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. आपल्याकडे सरवा हा शब्द शिकवावा लागत नाही. भुईमूग काढल्यावर, ज्वारी मोडल्यावर पाटी घेऊन रानात फिरणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात तो सरवा शेतमालकाच्या दयेवर सोडलेला नाही. त्या कडेवर गरिबाचा हक्कच आहे. आणि तिथं कोणी शिजवून हातावर ठेवत नाही. वाकून वेचायचं, घरी न्यायचं, झोडायचं. पवित्र शास्त्रातली विधवा रूथ दिवसभर वेचते आणि संध्याकाळी झोडून एफाभर (एफा हे तेव्हाचं धान्याचं माप) जव भरतात. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं गळू द्या आणि तिला धमकावू नका. दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या: जास्त द्या, आणि तिचा अपमान होऊ देऊ नका.

आमच्याकडे एक आणखी आठवण याच्या आड येते, ती बाजूला ठेवून चालणार नाही. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींतली बरीच घरं पूर्वाश्रमीच्या महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेली आहेत. दारोदार भाकरी मागणं हा तिथं गावगाड्याने लादलेला नेम होता. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, कारण ती भाकरी पोट भरायची आणि कणा मोडायची. म्हणून आपल्या भागात वरून खाली दिलेलं अन्न कोरं नसतं, देणाऱ्याचं मन कितीही स्वच्छ असलं तरी. आमच्या मंडळीत नाताळच्या आधी चादरी वाटताना फोटो काढले गेले, तेव्हा रांगेतल्या एका आजोबांनी तोंड फिरवलं होतं. मी त्या वेळी समजले की त्यांना उन्हाचा त्रास होतोय.

आणखी एक जुनं ओझं आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी जीव वाचवले, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्याच काळात मंडळ्याही वाढल्या. ‘भाकरीसाठी बाटले’ हे आमच्या आजी-पणजींनी ऐकून घेतलं. त्यांची श्रद्धा खरी होती, हे मी त्यांना पाहिलेली म्हणून सांगते. तरी भाकरी आणि बाप्तिस्मा एका हातातून आले की दोन्ही संशयाखाली येतात. जामखेडला उपचाराला, पाण्याला, स्वयंपाकघराला धर्माची अट नव्हती. आरोळे दांपत्य आपली ख्रिस्ती प्रेरणा लपवत नव्हतं, पण तिची वसुलीही करत नव्हतं.

पंप

आता या प्रकरणाच्या मधोमध असलेली गोष्ट. दुष्काळात कूपनलिका खणायची यंत्रं आली. गावोगाव हातपंप बसवायचे होते. प्रश्न: पंप कुठे?

तोपर्यंतचा रिवाज सरळ होता. पाणवठा गावात. दलित वस्ती गावाबाहेर, आणि तिथल्या बायकांनी विहिरीपासून लांब उभं राहून कोणी वरून ओतेल त्याची वाट बघायची. पंपाची जागा गावच्या पुढाऱ्यांवर सोडली असती तर ती कुठे निघाली असती, हे सांगायला नको. जामखेडच्या कामात पंप दलित वस्तीत किंवा तिच्या जवळ बसतील हे पाहिलं गेलं. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथं यायचं. दुष्काळात तहान मोठी असते. बायका आल्या. एका दांड्यावर, एका रांगेत.

मला हे शहाणपण वाटतं, आणि त्याबद्दल प्रामाणिक शंकाही वाटते. ‘लोकांना विचारा’ हे तत्त्व इथे कुठे गेलं? गावाला विचारलं असतं तर गावाने नाही म्हटलं असतं. या प्रश्नावर मी बराच विचार केला. माझं उत्तर असं की ‘गाव’ नावाचा एक माणूस नसतो. ‘लोकांना विचारलं’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा ओट्यावर बसलेल्यांना विचारलेलं असतं. ज्याचा आवाज आधीच दाबलेला आहे त्याला विचारायचं तर जागाच बदलावी लागते. संदेष्टा यशया अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपास करणाऱ्या भक्तांना सांगतो की देवाला हवा असलेला उपास म्हणजे दुष्टतेच्या बेड्या तोडणं, जोखडाच्या दोऱ्या सोडणं, आणि भुकेल्याला अन्न वाटणं. क्रम बघा. अन्न आहेच, पण जोखड आधी. पाणी दिलं आणि जोखड तसंच ठेवलं, तर तहान भागते आणि जोखडाला धर्माचा आशीर्वाद मिळतो.

पंपाचीच आणखी एक बाजू इथे नोंदवते, कारण मदत करणाऱ्यांना ती लाभाची आहे. त्या काळात देशभर बसवलेले बिडाचे हातपंप भराभर मोडत. घरगुती वापराच्या धर्तीवर घडवलेला पंप अख्ख्या गावाने दिवसभर हापसला की किती टिकणार? १९७४च्या सुमारास केलेल्या पाहणीत असे सुमारे तीनचतुर्थांश पंप बंद निघाले होते. म्हणजे बोअर आहे, पाणी आहे, उद्घाटनाची पाटीही आहे, आणि बायका पुन्हा ओढ्यात झिरे उकरतायत. यावर उपाय शोधायला मराठवाड्यात जालन्याच्या स्कॉटिश मिशनने मजबूत पंप बनवला, मग सोलापूरला त्याहून सुधारलेला झाला, आणि त्या सोलापुरी पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ आला. आज आपण ज्याला हापसा म्हणतो तो बहुतेक ठिकाणी हाच. बोअर मारणं ही पहिल्या दिवसाची मदत होती. हापसा तिसऱ्या वर्षी चालतोय का, वायसर कोण बदलणार, हे विचारणारी माणसं निघाली म्हणून पाणी टिकलं.

नर्सबाईंची योजना का फसली

आरोग्याचं काम गावात न्यायचं म्हणून आधी शिकलेल्या सहायक परिचारिकांना गावांत राहायला पाठवायचं ठरलं. कागदावर यात काही चूक नव्हती. प्रत्यक्षात ते चाललं नाही. शहरातून शिकून आलेली तरुण, बहुधा अविवाहित मुलगी एकटी गावात राहायला बिचकत होती. गावच्या बायकांना ती परकी वाटायची, तिची भाषा, साडी, सल्ले, सगळंच. चार मुलांची आई बाळंतपणाबद्दल तिचं का ऐकेल?

मग विचार पुढे आला की गावातलीच बाई का नाही? गावाने निवडायची. पहिल्या फळीतल्या बऱ्याच बायका निरक्षर होत्या, मध्यमवयीन होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, एक-दोन विषय नीट शिकायचे, गावात जाऊन करून बघायचे, पुढच्या आठवड्यात काय झालं ते सांगायचं. मुलाचं वजन कसं बघायचं. जुलाब झाले की साखर-मीठ-पाणी कसं पाजायचं. बाळंतपणात ब्लेड आणि दोरा निर्जंतुक का हवा. नवजात बाळाला पहिले तीन दिवस अंगावर पाजायचं नाही, गरोदरपणी पोटभर खाल्लं तर मूल मोठं होऊन बाळंतपण अवघड जातं, अशा समजुतींशी कसं बोलायचं. या समजुती त्या बायकांच्या स्वतःच्याही होत्या, म्हणून त्या मोडायची वाट त्यांनाच ठाऊक होती. आजारांच्या माहितीइतकाच भर त्यांच्या आत्मविश्वासावर होता. आजवर कोणी ज्यांचं मत विचारलं नव्हतं, त्यांना चारचौघांत उभं राहून बोलायला शिकवलं जात होतं.

या ठिकाणी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडून समोर ठेवावा. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोजची वाटणी होत असे. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. मदतनिधीचं हे ख्रिस्ती इतिहासातलं पहिलं भांडण. प्रेषितांनी नवा नियम काढला नाही, चौकशी समिती नेमली नाही. मंडळीला सांगितलं की सात माणसं निवडा, त्यांच्याकडे हे काम देऊ. निवडलेल्यांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या दिसणाऱ्या नावांची ही यादी मी शंभरदा वाचली असेल. वाटपाची किल्ली कोणाच्या कमरेला गेली, हे दिसायला जामखेड वाचावं लागलं.

काय झालं, काय नाही

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला आणि १९९०च्या दशकात पंचविशीच्या आसपास. बाहेरच्या अभ्यासकांनी प्रकल्पाची गावं आणि शेजारची इतर गावं यांची तुलना केली. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा होता की जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांचा पाचव्या वर्षाआधी दगावण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी आहे. पहिल्या आकड्यांइतका हा डोळे दिपवणारा नाही, पण मला तो जास्त भरवशाचा वाटतो, कारण सगळीकडेच सुधारणा होत असताना वेगळं काय उरलं ते तो सांगतो.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातले लोकाधारित आरोग्याचे निवडक प्रयोग एकत्र मांडले, त्यात जामखेड होतं. प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या १९७८च्या अल्मा-आता जाहीरनाम्यामागे असे प्रयोग होते. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० साली पद्मभूषण मिळालं. डॉ. मेबल १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. काम चालू आहे.

जे झालं नाही तेही लिहायला हवं. त्या पट्ट्यातून ऊसतोडीला माणसं आजही जातात. बालमृत्यू कमी झाले म्हणून पाऊस वाढला नाही की कारखान्याची उचल सुटली नाही. दुसरं, हे काम दोन असामान्य माणसांभोवती वाढलं. त्याची नक्कल करणाऱ्यांना बहुधा साचा मिळाला, जीव मिळाला नाही.

आणि एक गोष्ट मला खटकते. गावातलीच बाई आरोग्य सेविका, ही कल्पना पुढे २००५ नंतर देशभर ‘आशा’च्या रूपात आली. आज महाराष्ट्रातल्या आशाताईंना मानधनासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावं लागतं. गरीब बाईच्या श्रमाला सेवा म्हणायचं आणि मोबदल्याच्या वेळी तिच्या त्यागाचं कौतुक करायचं, ही सवय सरकारला आहे तशी आमच्या मंडळ्यांनाही आहे. भक्तिस्थान झाडणाऱ्या मावशींना आम्ही काय देतो ते याच वहीत लिहिलेलं आहे. कामकऱ्याला आपल्या मजुरीचा हक्क आहे, हे येशूचंच वाक्य आहे.

पुन्हा वही

हे टिपण अर्धं झालं होतं तेव्हा मी आणि पाळकांच्या घरच्या बाई त्या ताईंकडे गेलो. पाकीट नेलं नव्हतं. चहा झाल्यावर मी विचारलं, “ताई, तुम्हाला आमच्याकडून नक्की काय पाहिजे?” त्यांना आधी वाटलं की आम्ही मदत बंद करतोय. मग बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या की नवरा गेल्यापासून त्यांचं नाव दिराच्या रेशनकार्डातच अडकलंय. वेगळं कार्ड झालं तर धान्य स्वतः आणता येईल, विधवा पेन्शनचा अर्जही पुढे सरकेल. पण कचेरीत कोणी त्यांच्याशी धड बोलत नाही, आणि मजुरी बुडवून किती चकरा मारणार?

सहा वर्षांत हे आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही फक्त रक्कम विचारायचो.

तेव्हापासून त्यांच्याबरोबर कोणीतरी कचेरीत जातं. तीन फेऱ्या झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा मृत्यूच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं, तिसऱ्यांदा अर्ज घेतला आणि पोच दिली. कार्ड अजून हातात आलेलं नाही, म्हणून या महिन्याचा किराणाही निधीतून दिला आहे आणि तो वहीत लिहिला आहे.

पुढच्या बैठकीसाठी मी दोन ठराव मांडते आहे. एक, वाटपाचे फोटो बंद. दोन, मदतनिधीच्या पाच जणांच्या समितीत दोन जागा ज्यांना या निधीतून मदत मिळाली आहे अशा कुटुंबांना, आणि तिजोरीची दुसरी किल्ली त्यांच्यापैकी एकाकडे. पहिल्याला विरोध होईल असं वाटत नाही. दुसऱ्यासाठी मी त्या ताईंना नाव देऊ का म्हणून विचारलं. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणाल्या, आधी कार्ड होऊ द्या.